ताईचं पत्र आणि त्रेसष्ट तक्रारी

ताईचं पत्र आलं त्याच दिवशी नानांनी दोन ओळींचं उत्तर टाकलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पत्र फार सुंदर होतं, आणि सुंदर पत्राला दोन ओळींत उत्तर देणं नानांच्या जिवावर आलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. लांबच्या गावी मुलाकडे राहायची. कानांनी दगा दिल्यापासून तिने फोन सोडला होता. जे बोलायचं ते पत्रातून. तिने लिहिलं होतं, "पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे. नंतर आठ दिवस वाचायचं नाही म्हणे. बाकीच्यांचं बोलणं मला नुसता गोंगाट वाटतो, पण तू कानाशी बसून वाचलंस की अजून शब्द न् शब्द कळतो. आठ दिवस येशील का?"

रविवारी निवांत लिहू, असं नानांनी ठरवलं. रविवारी पहिलं वाक्य जमेना. पुढच्या रविवारी ते जमलं, पण फार गोड वाटलं म्हणून त्यांनी खोडलं. उशीर जितका वाढला तितकं पत्र अधिक चांगलं व्हायला हवं, असं त्यांना वाटू लागलं; आणि पत्र जितकं चांगलं व्हायला हवं तितका उशीर वाढू लागला. एवढ्यात ऑपरेशनची तारीख उलटली. आता होकार-नकाराचा प्रश्नच उरला नाही, माफी मागायला हवी होती. मग माफीलाही उशीर झाला, म्हणून त्या उशिराची वेगळी माफी. असे सात महिने गेले. टेबलाच्या खणात अकरा अर्धवट कागद साठले होते आणि त्यातला सगळ्यांत मोठा दीड ओळीचा होता.

नाना नकाशे छापणाऱ्या एका संस्थेत मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं त्यांनी नद्यांची, टेकड्यांची आणि खेड्यांची नावं तपासली. निवृत्तीनंतरही संस्थेने त्यांना ठेवून घेतलं, कारण नकाशावरच्या चुका त्यांच्याखेरीज कोणाला दिसत नसत. माणूस अबोल. कोणी 'कसे आहात' विचारलं तरी उत्तर अचूक द्यावं म्हणून विचारात पडणारा.

संस्थेची इमारत पाच मजल्यांची, आणि दर मजल्यावर काहीतरी बिघडलेलं. तक्रारींसाठी संगणकावर नवी सिस्टीम आली होती. प्रत्येक तक्रारीला त्यात 'तिकीट' म्हणत. पण लोक तिकिटात लिहीत, "बंद आहे." काय बंद आहे? "पुन्हा तेच." काय तेच? एकाने तर नुसतं "अरे देवा" एवढंच लिहिलं होतं आणि वायरमन दोन दिवस त्याचा अर्थ शोधत मजले चढत होता.

साहेबांनी नानांना बोलावलं. "नाना, आपल्याला टेम्प्लेट हवेत. दिव्यांचं एक, पाण्याचं एक, संगणकाचं एक, छपाई मशीनचं एक. तक्रार करणाऱ्याने फक्त रिकाम्या जागा भरायच्या. पुन्हा पुन्हा वापरता येईल असा मजकूर पाहिजे. तुमची भाषा चांगली आहे."

"माझी?" नाना म्हणाले. त्यांना मनापासून शंका होती.

त्यांनी तीन आठवडे घेतले. चारही साच्यांत शेवटी चारच प्रश्न उरले: काय झालं? काय व्हायला हवं होतं? कधीपासून? त्रास कोणाला? चारही भरल्याशिवाय तिकीट पुढे जाणार नाही. आणि नानांनी भीत भीत एक नियम सुचवला. काम न करताच तक्रारी बंद केल्या जातात, हे त्यांनी चाळीस वर्षं पाहिलं होतं. तेव्हा 'त्रास कोणाला' या रकान्यात ज्याचं नाव आहे त्याने 'माझं समाधान झालं' असं कळवल्याशिवाय तिकीट बंदच होऊ नये.

साहेब खूश झाले. "वा! हा नियम कायमचा बसवा. कोणालाही बदलता येता कामा नये. अगदी मलासुद्धा!"

"साहेब, एखादी पळवाट ठेवू या का?" संगणक विभागातल्या मॅडमनी विचारलं.

"मॅडम, पळवाटांनीच या संस्थेचं वाटोळं झालंय."

शुक्रवारी संध्याकाळी मॅडमनी नानांना खुर्चीवर बसवलं. "नाना, सोमवारी सुरू करायचंय. एकदा भरून बघा, तिकीट नीट जातंय का ते. आणि हो, अबक, कखग असलं काही लिहू नका. खरी तक्रार लिहा, म्हणजे रकाने पुरतात का ते कळेल." एवढं सांगून त्या पर्स उचलून गेल्या.

नाना पडद्याकडे बघत बसले. खरी तक्रार. त्यांचा दिवा लागत होता, नळ गळत नव्हता. खोटं लिहिणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. काय झालं, असा प्रश्न समोर चमकत होता आणि सात महिन्यांत त्यांना कोणी इतक्या सरळपणे काही विचारलं नव्हतं. त्यांची बोटं आपोआप चालली. काय झालं? ताईचं पत्र आलं, मी उत्तर दिलं नाही. काय व्हायला हवं होतं? मी जायला हवं होतं. कधीपासून? सात महिने. त्रास कोणाला? ताईला.

शीर्षकाच्या जागी त्यांनी 'नमुना' असं लिहिलं आणि बटण दाबलं. तिकिटाला एकशेचार नंबर मिळाला. मग सिस्टीमने विचारलं, "हा मजकूर याच साच्यात ठेवायचा की सर्व साच्यांत?" कोणताही दुसरा माणूस इथे थबकला असता. पण नाना मुद्रितशोधक होते. नदीचं नाव एका पानावर दुरुस्त केलं की ती नदी जिथून जिथून वाहते त्या सगळ्या पानांवर ते दुरुस्त करायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धर्म. मजकूर एका ठिकाणी आहे आणि तीन ठिकाणी नाही, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. त्यांनी 'सर्व' दाबलं, दिवा मालवला आणि घरी गेले.

सोमवारी नव्या टेम्प्लेटचं जंगी स्वागत झालं. दुपारपर्यंत एकवीस तक्रारी आल्या. साहेब स्वतः नानांच्या टेबलापाशी आले. "नाना, कमाल केलीत! लोक म्हणतात, फॉर्म किती सोपा आहे. काही भरावंच लागत नाही."

नानांना आनंद व्हायला हवा होता. पण 'काही भरावंच लागत नाही' हे वाक्य त्यांच्या मनात खड्यासारखं रुतलं. ते संगणकापाशी उठून जाणार, तोच वायरमन मोबाइल हातात धरून आत आला.

"नाना, ही ताई कोण हो?"

"कोण ताई?" नानांनी विचारलं.

"हे बघा की. तिसरा मजला, पंखा. काय झालं, तर म्हणे ताईचं पत्र आलं, मी उत्तर दिलं नाही. दुसरा मजला, बेसिनचा नळ. काय झालं? ताईचं पत्र आलं. मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन विचारलं, इथं ताई कोण? तर म्हणाले, आम्हाला काय माहीत, ते फॉर्ममध्ये आधीपासूनच होतं, आम्ही वरती फक्त 'पंखा' लिहिलं."

नानांनी डोळे मिटले. चारही रकाने भरलेलेच होते. भरलेलं खोडून पुन्हा भरण्याइतकं दुःख पंख्यापायी कोणालाच झालेलं नव्हतं.

"मग पंखा दुरुस्त केलास का?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"केला ना. पण तिकीट बंद होईना. म्हणतंय, ताईंचं समाधान झाल्याचं कळवा. मी म्हटलं, पंखा तर गरागरा फिरतोय, ताईंना अजून काय पाहिजे?"

मॅडमना बोलावलं. त्यांनी पडद्यावर एक नजर टाकली आणि हळूच खुर्चीत बसल्या. टेम्प्लेटमधला मजकूर त्यांनी पुसला, पण एकशेचार उघडं असेपर्यंत तो पुन्हा पुन्हा परत येत होता; शिवाय तेवढ्याने भागणारही नव्हतं. पूर्वी एका लिफ्टसाठी तीस जण तीस तक्रारी करत, म्हणून त्यांनी गेल्याच आठवड्यात सिस्टीमला शिकवलं होतं की चारही उत्तरं सारखी दिसली तर ती एकच तक्रार समजायची आणि पहिल्या तिकिटात मिसळून टाकायची. आणि सगळ्यांचीच उत्तरं सारखी होती.

"म्हणजे?" नानांनी विचारलं.

"म्हणजे पंखे, नळ, दिवे, प्रिंटर, सगळं आता एकशेचार नंबरमध्ये आहे. सिस्टीमला वाटतंय, संस्थेत एकच तक्रार आहे. तुमची."

"मग एकशेचार बंद करा ना."

"ताईंनी कळवल्याशिवाय? नियम तुमचाच आहे, नाना. आणि साहेबांनी तो असा बसवून घेतलाय की मलाही हलवता येत नाही."

"ज्यांनी सिस्टीम बनवली त्यांना सांगितलं तर?"

"सांगितलं की. ते म्हणाले, तिकीट टाका. टाकलं. पाच दिवस लागतील म्हणतात. त्यांचं टेम्प्लेट कोणी बनवलंय कुणास ठाऊक, सतरा रकाने आहेत."

बुधवारी लिफ्ट बंद पडली. वायरमनने दोष लगेच शोधला, एक पट्टा तुटला होता. पण सामानाच्या खोलीतला कारकून नियमाचा पक्का. तिकिटावर जे काम असेल त्याचंच सामान तो देई.

"एकशेचार," त्याने पडद्यावर वाचलं. "काम, पत्राला उत्तर देणं. याला लिफ्टचा पट्टा कशाला लागतो? पाकीट पाहिजे असेल तर देतो."

"अरे बाबा, लिफ्ट त्याच्यातच आहे!"

"दिसत नाही. मला पत्र दिसतंय. पाकीट एक, सही करा."

वायरमन पाकीट घेऊन आला आणि त्याने ते नानांच्या टेबलावर ठेवलं.

साहेबांचं ऑफिस पाचव्या मजल्यावर होतं. गुरुवारच्या बैठकीला ते पोचले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. भिंतीवर आठवड्याचा तक्ता झळकत होता, तो सिस्टीम आपणहून तयार करत असे. सर्वाधिक वेळा आलेली तक्रार: ताईचं पत्र आलं, मी उत्तर दिलं नाही. एकूण वेळा, त्रेसष्ट. सोडवलेल्या तक्रारी, शून्य.

"त्रेसष्ट?" साहेब धापा टाकत म्हणाले. "एवढे लोक तक्रार करताहेत आणि कोणी उत्तर देत नाही? कोण आहेत या बाई? कोणत्या खात्यातल्या?"

खाली कुठेतरी नळ ठिबकत होता, तोही एकशेचारमध्येच होता. नाना उभे राहिले. चाळीस वर्षांत ते बैठकीत कधी उभे राहिले नव्हते.

"माझ्या खात्यातल्या, साहेब," ते म्हणाले. "माझी बहीण आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ऑपरेशन, आठ दिवस, वाचून दाखवणं, अकरा कागद. ते इतक्या हळू बोलत होते की मागच्या रांगेतले लोक पुढे सरकले. कोणी हसलं असतं तर नानांना बरं वाटलं असतं. पण कोणी हसलं नाही.

साहेबांनी कपाळ पुसलं. "नाना, मी तुम्हाला रागावत नाही. पण सोमवारपर्यंत उत्तर जायलाच हवं. आणि ताईंकडून लेखी आणायचं, समाधान झालं म्हणून. माझे गुडघे पाच मजल्यांचे नाहीत."

त्या दिवसापासून नानांचं जिणं अवघड झालं. जी गोष्ट त्यांनी बायकोशीसुद्धा धड बोलून दाखवली नव्हती, ती आता पाचही मजल्यांवर चर्चेत होती. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "लिहिलंत का, नाना?" छपाईवाला म्हणाला, "आजारी होतो म्हणून लिहा, सोपं पडतं." कोणी म्हणालं, पत्र पोस्टात गहाळ झालं म्हणा. सामानाच्या खोलीतल्या कारकुनाने तिकीटही नीट तपासलं. "त्रास कोणाला, इथं फक्त ताई लिहिलंय. आता आमचीही नावं घाला." वायरमन मात्र खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नाना, दोन ओळी टाका आणि मोकळे व्हा. माणसाला दोन ओळी पुरतात."

नानांना हे पटत होतं, म्हणूनच जास्त लाज वाटत होती.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "सात महिने मी सांगतेय, लिहा, लिहा. माझं ऐकलं नाहीत. आता लिफ्टने सांगितलं तर ऐकताय."

"पण लिहू काय? इतक्या उशिरा?"

"मला काय विचारता? तुम्हीच ना भाषेचे जाणकार?"

"ताईचं ऑपरेशन नीट झालं का, तेवढं तरी..."

"झालं. भाच्याशी बोलले मी तेव्हाच. नीट दिसतं त्यांना. मोठी अक्षरं वाचतात." मग थोडं थांबून ती म्हणाली, "आठ दिवस कोणालाच वाचू दिलं नाही म्हणे त्यांनी. नातीने पुस्तक उघडलं तर म्हणाल्या, राहू दे. तो येतो का बघू."

नानांनी शनिवार-रविवार टेबलाशी काढले. 'प्रिय ताई' इथपर्यंत ठीक होतं. त्यापुढे 'अनेक दिवसांपासून' लिहिलं. सात महिन्यांना अनेक दिवस म्हणणं त्यांना लबाडी वाटलं. 'कोणत्या तोंडाने लिहू' हे नाटकी वाटलं. 'क्षमस्व' हे रेल्वेच्या सूचनेसारखं वाटलं. रविवारी रात्री जेवणाच्या आधी खणात पंधरा कागद होते आणि नानांची खात्री झाली होती की ज्याला स्वतःच्या बहिणीला एक वाक्य लिहिता येत नाही, त्याने चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या हाच एक मोठा विनोद होता.

सोमवारी साहेब काही बोलले नाहीत. नुसतं पाचव्या मजल्यावरून खाली आले आणि पुन्हा वर गेले, नानांच्या टेबलासमोरून. मंगळवारी सकाळी नाना राजीनामा लिहायला बसले. तो मात्र एका झटक्यात लिहून झाला. त्यांना त्याचंही वाईट वाटलं.

इतक्यात मॅडम धावत आल्या. "नाना, सुटलं! त्या लोकांनी आत्ताच सोडवून दिलं. सगळी तिकिटं वेगळी झाली. तुमचं एकशेचार कायमचं पुसून टाकलं, नियमही साहेबांनी सैल करायला सांगितलाय. आता काही लिहायला नको!"

बारा वाजता लिफ्ट सुरू झाली. दुपारपर्यंत नळ ठिबकायचा थांबला. साहेब लिफ्टमधून बाहेर येताना नानांकडे बघून प्रसन्न हसले आणि पुढे निघून गेले. जिन्यात आता कोणी नव्हतंच, मग विचारणार कोण? छपाईवाला आला, चष्मा विसरला होता, घेऊन गेला. सामानाच्या खोलीतल्या कारकुनाने फोन केला. नानांना वाटलं, आता हा विचारणार. पण त्याला फक्त खडूची पेटी परत हवी होती.

नाना बसून राहिले. गेले पाच दिवस त्यांनी मनोमन हीच एक मागणी केली होती की लोकांनी आपल्याला एकटं सोडावं. आता सोडलं होतं. एका आठवड्यापुरती, त्रेसष्ट माणसं ताईच्या पत्राला उत्तर जावं म्हणून खोळंबली होती. आता तिच्या बाजूने विचारणारं या इमारतीत कोणी उरलं नव्हतं. एकशेचार नंबर पुसला गेला, पण ज्याच्यासाठी तो होता ते तसंच होतं. आणि आता कोणी विचारणार नाही म्हटल्यावर आपण ते पत्र कधीच लिहिणार नाही, हे नानांना लख्ख दिसलं. स्वतःबद्दल त्यांना दुसरी कुठली खात्री नव्हती, पण ही होती.

त्यांनी राजीनाम्याचा कागद उलटा केला. पाठ कोरी होती. प्रिय ताई, असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. आणि पुढे पहिलं वाक्य सुचेना म्हणून, नेहमीप्रमाणे घाम फुटायच्या आत, त्यांनी साच्यातला प्रश्न लिहून टाकला.

काय झालं? तुझं पत्र आलं, मी उत्तर दिलं नाही. फार चांगलं लिहायचं होतं, म्हणून काहीच लिहिलं नाही.

काय व्हायला हवं होतं? मी यायला हवं होतं.

कधीपासून? सात महिने आणि नऊ दिवस.

त्रास कोणाला? तुला. मलाही, पण तो धरू नकोस, तो माझा मी केलेला आहे.

खाली लिहिलं, "गुरुवारी संध्याकाळी पोचतो. आठ दिवस राहीन. आता तुझं तुला वाचता येतं, हे मला माहीत आहे. तरी वाचून दाखवीन. तुझं समाधान झालं की सांग. नाही झालं तर तेही सांग, मोठ्याने." सही केली, कागद वायरमनने आणून ठेवलेल्या पाकिटात घातला, पत्ता लिहिला आणि छत्री तिथेच विसरून नाना बाहेर पडले.

पोस्ट कोपऱ्यावरच होतं. आत जाऊन त्यांनी तिकीट लावलं, बाहेर येऊन पेटीच्या तोंडात पाकीट धरलं आणि सोडलं. आत पडल्याचा आवाज झाला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण ते एकदाही वाचून पाहिलेलं नाही. चाळीस वर्षांत हातून न तपासता गेलेला पहिला मजकूर. शिवाय कागदाच्या मागच्या बाजूला, साहेबांना उद्देशून, आपला संपूर्ण राजीनामा आहे.

नानांनी पेटीच्या तोंडात बोटं घालून पाहिली. दोन पेरांच्या पुढे ती जाईनात.